बुधवारची वही

गेल्या महिन्यात मी बुधवारच्या जेवणाची वही एका तरुण पोराच्या हाती सोपवली. पोरगा तिशीतला, राजारामपुरीत दुकानगाळे भाड्यानं लावून देण्याचं काम करतो, हिशेबाला चोख. वही घेतल्या घेतल्या त्यानं शेवटचं पान उघडलं, डब्यातले पैसे टेबलावर ओतले, नोटा लावल्या, दोनदा मोजल्या आणि म्हणाला, "ताई, हजार रुपये जास्त भरतायत." मी म्हटलं, "भरू देत." तो म्हणाला, "कमी आले असते तर मी माझे घातले असते. जास्त आलेत म्हणजे कुणाचे तरी आहेत. कुणाचे?" मी चहाचं विचारलं आणि आत गेले. चहा होऊन तो गेला, पण प्रश्न मागेच राहिला. संध्याकाळी भाकरी थापताना तोच, रात्री दाराला कडी लावताना तोच. कारण उत्तर मला ठाऊक आहे. पाच वर्षं ठाऊक आहे, आणि एवढ्या दिवसांत ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आम्ही गाळ्यांच्या धंद्यातली माणसं महिन्यातून एका बुधवारी एकत्र जेवतो. एजंट जास्त, मग तीन-चार बिल्डर, करार करणारे एक वकील, बँकेसाठी जागांचं मूल्यांकन करणारे एक गृहस्थ, दुकानाचं फर्निचर करणारे दोघे. सुरुवात झाली २०१७ साली. त्याआधीच्या नोव्हेंबरात नोटबंदी झालेली, मे महिन्यात बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणारं महारेरा सुरू झालं, जुलैत जीएसटी आला. एजंटालाही नोंदणी लागते म्हणजे नेमकं काय, भाड्यावर अठरा टक्के कुणी लावायचे आणि कुणी नाही, हे एकेकट्यानं कुणालाच उमजत नव्हतं. मग वकील म्हणाले, सगळे एकदमच बसा, मी एकदाच सांगतो. बसायचं म्हणजे कोल्हापुरात जेवायलाच बसायचं. वार बुधवार ठरला, कारण सोमवारी, गुरुवारी, शनिवारी निम्म्या लोकांचं मटण बंद. मंगळवार-शुक्रवार देवीचे, आणि रविवारी जागा बघायला पार्ट्या येतात. एका खानावळीचा वरचा मजला मिळाला. पाचशे रुपये वर्गणी, आणि वर्गणीची वही माझ्याकडं, कारण त्या पहिल्या रात्री माझ्याच पर्समध्ये कोरी वही होती.

एक गोष्ट मी पहिल्या वर्षातच पाहिली. बाजार बरा असला की जेवायला आठ-दहा जण येतात. कुणी साईटवर अडकलेलं, कुणाची पार्टी पुण्याहून आलेली, कुणाचं टोकन चाललेलं. आणि बाजार बसला की तीच ताटं अठ्ठावीस होतात. मला आधी वाटायचं, कामाच्या शोधात येत असतील. तसंही येतात. पण जिना चढताना त्यांचे चेहरे बघितले की कळायचं, आपल्यासारखेच बाकीचेही अडकलेत का, हे बघायला माणसं आलेली असतात. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं त्यांना वाटत नसतं. एकट्याचाच दोष नाही एवढं डोळ्यांनी बघायचं असतं.

पण बघायला आलेली माणसं दाखवायला मात्र तयार नसत.

ताटं यायच्या आधी एक फेरी असते. प्रत्येकानं सांगायचं, हातात काय आहे, काय पाहिजे. "मेन रोडला चारशे फूट, तळमजला, पंधरा फूट दर्शनी, पंचावन्न हजार." "मला औषधाच्या दुकानाला जागा पाहिजे, दवाखान्याजवळ, पार्किंगसह." आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक शेपूट: "तशी बोलणी चालू आहेत दोन-तीन." बोलणी चालू नसत. ज्या गाळ्याची बोलणी चालू आहेत असं एक सांगे, त्याच गाळ्याच्या शटरवर आणखी चार एजंटांच्या पाट्या मी सकाळीच वाचलेल्या असत. एका शटरवर पाच पाट्या दिसल्या की समजावं, पाचांपैकी कुणाकडेच गिऱ्हाईक नाही. तरीही फेरीत कुणी ते बोलायचं नाही, आणि मीसुद्धा माझ्या पाळीला "चालू आहेत दोन-तीन" म्हणूनच खाली बसायचे.

माझे वडील याच धंद्यात होते. शाहूपुरीत एका चहाच्या हॉटेलातलं बाकडं हीच त्यांची कचेरी. रेल्वे मिरजेहून कोल्हापुरात आली १८९१ साली, आणि १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, हे ते मला शाळेच्या धड्यासारखं पाठ करायला लावायचे. म्हणायचे, पेठ आपोआप उगवत नाही, कुणीतरी आधी माल आणि वाट दोन्ही बघावी लागते. लहानपणी ते मला एकदा वडगावच्या जनावरांच्या बाजारात घेऊन गेले होते. तिथं दोन माणसं एकमेकांचे हात उपरण्याखाली धरून उभी. तोंडानं एक शब्द नाही, खाली बोटांनी भाव चाललेला. भोवती शंभर माणसं, पण भाव फक्त त्या दोघांना ठाऊक. मला ती जादू वाटली. परतताना एसटीत वडील म्हणाले, "बैलाला हे चालतं. बैल आज विकला जातो. गाळ्याचा भाव झाकून ठेवला की गाळा पडून राहतो." मला तेव्हा काही समजलं नाही. वाक्य मात्र राहिलं, आणि ते समजायला २०१९ साल यावं लागलं.

त्या वर्षाबद्दल कोल्हापूरकरांना मी काय सांगणार! ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची ४३ फुटांची पातळी कधीच मागे पडली आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. व्हीनस कॉर्नरला नावा फिरल्या. पण धंद्याच्या दृष्टीनं पूर आला तेव्हा बाजार आधीच खाली आलेला होता, ही गोष्ट बाहेरचे विसरतात. गाड्यांचा खप घसरला तसे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले पाळ्यांचे दिवस कमी झाले. फाउंड्रीत ओव्हरटाईम बंद झाला की त्याचा आवाज राजारामपुरीतल्या कपड्याच्या दुकानात सहा महिन्यांनी ऐकू येतो. आधी दसऱ्याला दोन ड्रेस घेणारा एक घेतो, मग दुकानदार एक पोरगा कमी करतो, मग मालकाला फोन करून म्हणतो, भाड्याचं जरा बघा. मालक बघत नाही. मग एका रविवारी रात्री टेम्पो लागतो.

मालक का बघत नाही, याचं उत्तर एका शब्दात "हट्ट" असं देऊन मोकळं होता येतं, आणि फेरीत आम्ही तेच करायचो. पण मालकाच्या जागी बसून बघितलं की गोष्ट वेगळी दिसते. गाळ्याची किंमत त्याच्या भाड्यावरून ठरते. भाडं पंचावन्नाचं अडतीस झालं की नुसते महिन्याचे सतरा हजार जात नाहीत, बँकेच्या कागदावरची गाळ्याची किंमतही त्याच मापानं उतरते, आणि त्याच गाळ्यावर मुलीच्या शिक्षणाचं कर्ज असतं. शिवाय शेजारचे तीन भाडेकरू दुसऱ्या दिवशी दारात उभे, आमचंही करा म्हणून. म्हणून मालक काय करतो, तर आकडा तोच ठेवतो आणि मागच्या दारानं सोडतो. फर्निचरसाठी तीन महिने भाडं माफ, डिपॉझिट दहा महिन्यांचं सहा, दर वर्षीची पाच टक्के वाढ दोन वर्षं थांबवलेली. करारावर पंचावन्न, खरा हिशेब चाळीसच्या आसपास. मग हा पंचावन्नचा आकडा गावभर फिरतो. पुढचा मालक म्हणतो, तिथं पंचावन्न मिळाले, मी का कमी करू? आणि त्याचा गाळा दीड वर्ष बंद पडतो. हा आकडा फिरवणारे आम्हीच. उपरण्याखालचा हात आमचा होता.

बंद गाळा उघडायचं काम मी तीस वर्षं करतेय, पण त्या वर्षीचे गाळे अजून डोळ्यांपुढं आहेत. व्हीनस कॉर्नरकडचा एक गाळा ऑक्टोबरात उघडला. खालची पट्टी गंजून चिकटलेली, दोघांनी उचकटली. आत पाऊल टाकल्यावर आधी वास आला, ओल्या प्लायवूडचा आणि नदीच्या गाळाचा, नाकात बसणारा. भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला एक तपकिरी रेघ, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. रेघेखाली रंग फुगून पापुद्रे सुटलेले आणि रेघेवर भिंत अगदी कालच्यासारखी. शटरच्या फटीतून सरकवलेली वीजबिलं एकाला एक चिकटलेली. जुना भाडेकरू काउंटर, रॅक, पंखे, बल्बसुद्धा काढून घेऊन गेला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. पण गल्ला जिथं असायचा त्याच्या मागच्या भिंतीवर, रेघेच्या वर वीतभर, शेंदरानं बोटानं लिहिलेलं "शुभ लाभ" होतं. बाजूला हळदीची दोन बोटं. ते त्यानं पुसलं नव्हतं. मी पार्टीला म्हटलं, रंग काढून देऊ. ती पार्टी म्हणजे एक नवराबायको, बेकरी काढायची होती त्यांना. बाई म्हणाली, "हे राहू दे. बाकीचं काढा." मग नवऱ्यानं टेप काढला आणि रस्त्यापासून जोत्याची उंची मोजली. हे नवीन होतं. त्याआधी पार्टी विचारायची, पायऱ्या किती? दोनच्या वर पायऱ्या असल्या तर नाक मुरडायची, कारण गिऱ्हाईक चढत नाही. पुरानंतर पहिला प्रश्न झाला, जोतं किती उंच? जी दुकानं पायऱ्यांमुळे आम्हाला लावता येत नव्हती, तीच आधी गेली. ही बाई मात्र जोतं बघून काही बोलली नाही. नवऱ्याकडे बघत राहिली. तो व्यवहार झाला नाही.

त्या डिसेंबरातल्या बुधवारी अठ्ठावीस ताटं होती.

त्यात अण्णा होते. साठीतले, आमच्यात सगळ्यांत जुने. माझ्या वडिलांच्या शेजारच्या बाकड्यावर बसलेले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि हातात कायम एक खाकी कापडी पिशवी. त्या पिशवीत बंद गाळ्यांच्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं बांधलेला जाड कागदाचा तुकडा, आणि तो कागद जुन्या लग्नपत्रिकांचा. एका बाजूला अण्णांच्या बारीक अक्षरात पत्ता, दुसऱ्या बाजूला सोनेरी गणपतीचा अर्धा कान किंवा "चि. सौ. कां." एवढंच राहिलेलं. फेरी चालू होती. बोलणी चालू आहेत, बोलणी चालू आहेत. अण्णांची पाळी आली. ते उठले नाहीत. पिशवी उचलून त्यांनी ताटाच्या बाजूला उपडी केली. किल्ल्यांचा ढीग पडला.

"पाडव्याला ह्या पिशवीत अकरा किल्ल्या हुत्या," ते म्हणाले. "आज एकोणीस हायत. पाडव्यापासनं माझा एक गाळा गेलेला न्हाई. बोलणीबिलणी काय चालू न्हाईत."

वाढपी पांढऱ्या रश्शाची बादली घेऊन मागं उभा होता, तोसुद्धा थांबला. मी माझ्या ताटाकडे बघत राहिले. पांढऱ्यावर तुपाचे गोल डोळे तरंगत होते, खोबऱ्याच्या दुधाचा आणि मिऱ्याचा वास येत होता, आणि कुणी वाटीला हात लावत नव्हतं. मग एका बिल्डरनं घसा साफ केला. त्याचे खालचे सहाच्या सहा गाळे पडून होते आणि वरचे फ्लॅट विकून तो गाळ्यांचे हप्ते भरत होता. मग वकील म्हणाले, लिव्ह लायसनचा करार नोंदवल्याशिवाय चालत नाही, त्यामुळं कुठं किती होतायत ते मला दिसतं, आणि गेल्या वर्षीच्या निम्मेसुद्धा माझ्याकडं आलेले नाहीत. मग कोपऱ्यातल्या एकानं सांगितलं, मेन रोडचा तो पंचावन्नचा गाळा गेला अडतीसला, मीच लावला, आकडा मीच लपवला. एकेक जण बोलू लागला. खरी भाडी, खरे दिवस, कोणत्या मालकाला खरोखर गरज आहे, कोण दहा हजार सोडायला तयार आहे पण पहिलं कुणी विचारत नाही म्हणून बसलाय. रस्सा गार झाला, परत गरम करून आणला. दोन वर्षांत त्या मजल्यावर एवढं कामाचं बोलणं कधी झालं नव्हतं. त्या रात्री समोरासमोर बसलेल्या दोघांना कळलं की एकाकडं जागा आहे आणि दुसऱ्याकडं तिचंच गिऱ्हाईक, आणि दोघं चार महिने एकमेकांपासून लपवत होते. तो व्यवहार नंतर बसला. अडतीसचा आकडा सांगणाऱ्याच्या आधारावर आणखी एका मालकानं भाडं उतरवलं आणि गाळा संक्रांतीच्या आत गेला. वडिलांचं एसटीतलं वाक्य मला त्या जेवणात कळलं, आणि ते कळवून देणारा माणूस माझ्यापासून तीन ताटं सोडून किल्ल्या गोळा करत बसला होता.

हात धुऊन झाले. बडीशेप फिरली. मी वही काढली आणि नेहमीसारखी नावं वाचू लागले. मोठ्यानं, कारण मजल्यावर गलका असायचा. अण्णांनी पाचशेची नोट माझ्यापुढं ठेवली. मी ती घेतली, टिक केली, आणि वहीवरची नजर न काढता म्हणाले, "अण्णा, मागचे दोन बुधवार राहिलेत तुमचे. हजार."

आवाज काही चढलेला नव्हता. मनात काही नव्हतं. ओळीपुढं रिकामी चौकट दिसली आणि तोंडातून वाक्य गेलं, वर्षानुवर्षं हिशेब करणाऱ्याच्या तोंडून जातं तसं. मान वर केली तेव्हा मला दिसलं, सगळे ऐकत होते. अर्ध्या तासापूर्वी ज्या माणसानं सगळ्यांसमोर आपली पिशवी उपडी केली होती, त्याच्याकडं मी त्याच सगळ्यांसमोर हजार रुपये मागत होते. अण्णांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग म्हणाले, "फुडच्या बुधवारी देतो, ताई." आणि पिशवी खांद्याला लावली. जिना उतरताना किल्ल्यांचा आवाज प्रत्येक पायरीला एकदा होत गेला. तो मी मोजला नाही, पण शेवटपर्यंत ऐकला.

जानेवारीच्या बुधवारी अण्णा आले नाहीत. मी त्या रात्री घरी येऊन माझ्या पाकिटातले हजार रुपये डब्यात टाकले आणि त्यांच्या नावापुढच्या दोन्ही चौकटींत टिक केली. ते परत आले तर वहीत त्यांच्या नावावर काही नसावं, एवढंच डोक्यात होतं. फोन करायला हवा होता. सहज झालं असतं, एकाच शहरात राहतो आम्ही, घरसुद्धा मला माहीत. पण फोनवर म्हणणार काय? चुकलं म्हटलं तर त्यांना परत त्या रात्रीत नेऊन उभं करणं. आणि काहीच न म्हणता "या की बुधवारी" म्हणणं मला जमलं नसतं. फेब्रुवारीतही ते आले नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जेवलो, ते त्या काळातलं शेवटचं जेवण. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. दारात गुढी उभी करताना रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि मला पहिल्यांदा आठवलं ते अण्णांचं "पाडव्यापासनं".

त्या वर्षाचं फार लिहीत नाही. अंबाबाईचं देऊळ बंद होतं म्हणून महाद्वार रोड बंद होता, आणि महाद्वार रोडनं एवढी शांतता कधी पाहिली नसेल. आम्हा गाळेवाल्यांना तर सवलतही नव्हती. सप्टेंबरपासून खरेदीखतावरची स्टॅम्प ड्युटी सरकारनं तीन टक्क्यांनी उतरवली, फ्लॅटवाल्यांच्या रांगा लागल्या. भाड्याच्या गाळ्याला त्याचा काय उपयोग! मी घरी बसून रोज एक मालक घेऊन फोन करायचे आणि सरळ खरा आकडा सांगायचे. दहातले आठ रागवायचे. दोघं ऐकायचे.

दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली देवळं उघडली. त्यानंतर चार-पाच दिवसांनी अण्णांचा फोन आला. त्यांच्याकडं एक पार्टी होती, पूजासाहित्याचं छोटं दुकान टाकायचं होतं, महाद्वार रोडच्या एखाद्या बोळात दीडशे फूट चालेल. तशी जागा माझ्या यादीत होती. "किती सांगू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मालक अठरा म्हणतात, चौदाला देतील. चौदाच सांगा." पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "बरं झालं सरळ सांगितलंस." एरवी ते मला "ताई" म्हणत, अहो-जाहो करत. त्या दिवशी वडिलांच्या काळातलं "सांगितलंस" आलं. आठ दिवसांत करार झाला. दलाली निम्मी-निम्मी.

पैसे द्यायला ते घरी आले. मास्क, तीच खाकी पिशवी. आत बसले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. दलालीचा माझा वाटा एका पाकिटात होता. मग खिशातून त्यांनी दुसरं पाकीट काढलं, तेही लग्नपत्रिकेचंच, कडेला तोरणाची नक्षी. त्यावर पेनानं लिहिलेलं: "बुधवार २". आत पाचशेच्या दोन नोटा.

"अण्णा, राहू दे की," मी म्हणाले.

"न्हाई," ते म्हणाले. "वहीत हाय ते."

वहीत नव्हतं. वहीत टिका होत्या, माझ्या हातच्या. ते तिथल्या तिथं सांगायला हवं होतं, असं मला कितीदा तरी वाटलं आहे. पण सांगितलं असतं तर त्यांचे अकरा महिने काय झाले असते? ते अकरा महिने ते हे हजार रुपये डोक्यात घेऊन राहिले होते. पिशवीत किल्ल्या वाढत असताना, औषधाच्या दुकानाबाहेर रांगेत उभं असताना, कधीतरी हे पाकीट कापून त्यावर "बुधवार २" लिहीत असताना. मी म्हणाले असते की ते मीच फेडले, तर त्यांच्या हातात नुसता कागद राहिला असता. मी पाकीट घेतलं. "मांडते," म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पिशवी सावरत बोळाच्या तोंडाकडं निघाले. किल्ल्या वाजल्या, पण पूर्वीपेक्षा कमी, का मलाच तसं वाटलं, माहीत नाही.

रात्री ते हजार डब्यात टाकले. माझे हजार परत काढून घेता आले असते. हिशेब बरोबर झाला असता. हात गेला नाही. ते काढले असते तर मी त्या जानेवारीत केलेलंही मिटलं असतं, आणि केलेलं मिटवायची माझी इच्छा नव्हती. तेव्हापासून डब्यात हजार रुपये जास्त आहेत. २०२१च्या जुलैत परत पाणी आलं, जेवणं परत लांबली. २०२२ मध्ये बुधवार पुन्हा सुरू झाले तेव्हा मी एक बदल केला. नावं मोठ्यानं वाचायची बंद केली. डबा फिरतो, ज्याचे त्यानं टाकायचे, राहिले तर मी दुसऱ्या दिवशी एकट्याला फोन करते, आणि तोही आठ दिवस थांबून. का बदललं ते कुणी विचारलं नाही.

अण्णा आता येतात. नातू मोटरसायकलवरून सोडतो. पित्तामुळं तांबडा बंद आहे, पांढरा दोन वाट्या घेतात. फेरी आता वेगळ्या पद्धतीनं चालते, ती कुणी ठरवून बदललेली नाही. पहिला माणूस उठतो आणि "हातात काय आहे" असं न सांगता म्हणतो, "माझ्या किल्ल्या बारा." दुसरा म्हणतो, "माझ्या नऊ." तरुण पोरांकडं किल्ल्यांची पिशवी नसते, मालकच कुलूप उघडायला येतो नाहीतर शटरला आकड्यांचं कुलूप असतं, तरी तीही "किल्ल्या सात" असंच म्हणतात. गेल्या दिवाळीपासून हे आकडे वाढतायत. राजारामपुरीत संध्याकाळी चालत गेलं तर दर चार-पाच दिव्यांमागं एक अंधार येतो. मोबाईलवरून सामान घरी मागवणारी घरं वाढली, हे एक आहेच. पण मागच्या बुधवारी एक बाई उभी राहून म्हणाली, "किल्ल्या सोळा, आणि त्यातल्या चार माझ्या स्वतःच्या गाळ्यांच्या आहेत," तेव्हा तिच्या बाजूच्या माणसानं ताट सरकवून तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि लगेच मालक-भाडेकरूंची नावं निघाली. अण्णा मान खाली घालून भाकरी कुस्करत होते.

हे सगळं त्यांनी वाचायची शक्यता नाही, त्यांचा फोन अजून बटणांचा आहे. वाचलं तर वाचू देत. एकदा सांगायचंच होतं, आणि समोर बसून मला अजूनही ते सांगता आलेलं नाही.

काल रात्री पोराचा फोन आला. नवीन वही घातली होती त्यानं, पहिल्या पानावर श्री काढला होता, आणि अडला होता. "ताई, त्या हजाराचं काय लिहू?"

"मागील पानावरून पुढे, असं लिही."

"नाव?"

"नाव नको घालू."

पलीकडं पेन चालल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "येत्या बुधवारी ताटं किती सांगू खानावळीत?"

मी मनात मोजलं. "अठ्ठावीस," म्हणाले. "आणि पांढरा जरा जास्त ठेवायला सांग."